शुद्धिपत्रातलं नाव

मनूबिया लूकिलला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका प्राध्यापकाला झापताना. तेव्हा ती झाडूवाली होती आणि तो पॅरिसहून नुकताच शिकून आलेला. त्याने क्वार्ट्झची नाजूक कुपी बाटल्या धुवायच्या ब्रशने घासली होती. “साहेब, घरी डोळे पण असेच घासता का?” असं म्हणून तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली, कोमट पाण्याने तीनदा विसळली आणि उजेडात धरून दाखवली. आतून ओरखडा पडला होता. मी स्टोअरच्या खिडकीतून ऐकत होते, मनात म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार. जमलं. सव्वीस वर्षं जमलं.

मी बहिजा. स्फाक्समधल्या आमच्या विज्ञान कॉलेजात रसायनांचं स्टोअर माझ्या ताब्यात आहे. मला गोड बोलता येत नाही. तेव्हा ही हकिकत कडू वाटली तर माझ्या जिभेला दोष देऊ नका, हकिकतच तशी आहे.

आमच्या प्रयोगशाळेत काम चालायचं ते असं. एक रंग असतो. कापडाला लावतात तसलाच, पण पाण्यात चिमूटभर टाकायचा. त्यावर उजेड सोडला की तो उजेड खातो, पचवतो आणि स्वतःचा वेगळा उजेड बाहेर टाकतो, लालबुंद. आता त्याच पाण्यात एका काळ्या खनिजाचे पापुद्रे घालायचे, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके पातळ. लगेच रंगाची झळक मंदावते. कारण त्याने खाल्लेली ऊर्जा बाहेर पडायच्या आत शेजारचा पापुद्रा ओढून घेतो. मध्ये तार नाही, काही नाही, नुसती जवळीक पुरते. सी फर्हात, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख फर्हातसाहेब, म्हणायचे की हे नीट साधलं तर उन्हावर घाण पाणी स्वच्छ करता येईल. साधतंय कसलं! पापुद्रे सुटे राहतील तर ना. ते मेले तासाभरात एकमेकांना चिकटून तळाला बसायचे.

तो गुंता सोडवला मनूबियाने. ती तेव्हा झाडलोट संपवून कुप्या धुवायला लागली होती. एक दिवस तळाला बसलेला गाळ बघून म्हणाली, “हे ब्रिक तळायच्या पातळ पोळ्यांसारखं झालंय. एकावर एक ठेवल्या की चिकटणारच. मध्ये काहीतरी ओशट नको का?” सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ती घरून साबणाचा तुकडा घेऊन आली. तिची नणंद जैतुणाच्या तेलाचा साबण घरीच करते आणि अख्खा उन्हाळा गच्चीवर वाळवते. ऊन खाऊन खाऊन त्यातला हिरवेपणा पार जातो, वडी दुधासारखी पांढरी होते. मनूबियाने तो साबण किसला, पाण्यात विरघळवला, त्यात काळी पूड घातली आणि भांडं आमच्या गुणगुण्यात ठेवलं. गुणगुण्या म्हणजे ध्वनिलहरींनी पाणी थरथरवणारं यंत्र. चार तास ठेवलं, मग फिरकीत, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, घालून जाड गाळ काढून टाकला. वर राहिलेलं हिरवट करडं पाणी आठवडाभर तसंच राहिलं. महिनाभर राहिलं. सी फर्हात ती बाटली हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, बारसं असल्यासारखे.

त्या दिवसापासून पापुद्रे करायचे ते मनूबियानेच. पगार मात्र कामगाराचाच. हुद्दाही कामगाराचाच. पीएचडीची पोरं तिच्याकडे शिकायला यायची आणि ती त्यांना पहिली गोष्ट शिकवायची ती ‘कोरा’. कोरा म्हणजे ज्यात सगळं असतं, रंग असतो, पाणी असतं, साबण असतो, फक्त पापुद्रे नसतात. नमुन्याची झळक कमी झाली आणि कोऱ्याची झाली नाही, तरच म्हणायचं की ऊर्जा पापुद्र्यांनी घेतली. “कोरा नाही तर काही नाही,” असं ती प्रत्येकाला सांगायची, आणि एखाद्याने टाळाटाळ केली तर त्याच्या कुप्या धुवायच्या बंद करायची.

अशा पोरांत इब्तिहेल आली. थालाच्या डोंगराळ भागातली, बारीक अंगाची, दोन स्वेटरवर निभावणारी. स्कॉलरशिप तीन तीन महिने यायची नाही. मनूबियाने पहिल्याच आठवड्यात ओळखलं की पोरगी दुपारी जेवत नाही. “तुझ्या डब्यात काय असतं गं?” असं विचारून डबा उघडला तर नुसता पाव. त्या दिवसापासून ती मनूबियाच्या घरी जेवायला लागली आणि तिला ‘खालती’, म्हणजे मावशी, म्हणू लागली. आम्हा स्फाक्सवाल्यांची चेष्टा करायला मात्र तिला कधी भीड वाटली नाही. म्हणायची, “ऐकलं होतं की तुम्ही लोक पाहुण्याला दारातच विचारता, जेवूनच आला असाल ना?” मनूबिया तिला पळीने मारायला धावायची आणि त्याच पळीने आणखी वाढायची.

ईदच्या सकाळी आमच्याकडे खारवलेला मासा आणि कांदा-मनुकांची शर्मूला असते. पहिल्या वर्षी इब्तिहेलने ताट बघून तोंड वाकडं केलं. “ईदेला खारट मासा? आणि त्यावर गोड? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?” तिसऱ्या ईदेला तीच चुलीपाशी उभी राहून कांदा परतत होती आणि मला सांगत होती की मनुका कमी पडल्या. मनूबियाला दोन मुलगे, दोघेही इटलीत. घरात पोरीचा आवाज नव्हता, तो आला. मी एकदा म्हटलंसुद्धा, “जरा जपून गं. परक्याची पोर ती, उद्या उडून जाईल.” तर मला म्हणाली, “उडू दे की. उडायलाच तर शिकवतेय.”

नावाचा विषय निघाला तो इब्तिहेलमुळेच. तिचा पेपर तयार होत आला होता. तिनेच सी फर्हातना म्हटलं की पापुद्रे खालतीचे, साबण खालतीचा, तर पेपरवर खालतीचं नाव नको का? सी फर्हातनी विचार केला आणि मान डोलावली. वर म्हणाले, “मनूबिया, तुझी दोन वर्षं राहिलीत. छापील नाव असेल तर मी तुझी फाइल वर पाठवतो. तंत्रज्ञ म्हणून निवृत्त होशील.” इब्तिहेलने तिला मिठी मारली. “खालती, तुझं नाव माझ्या नावाच्या शेजारी. बघच तू.”

मनूबिया त्या दिवशी माझ्या स्टोअरमध्ये येऊन उगाच बसली. चहा केला तर प्यायली नाही. मग म्हणाली, “बहिजा, माझ्या ओळखपत्रावर ‘सफाई’ लिहिलंय. मला ते पुसलेलं बघायचंय.” इतकंच. सव्वीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

फेब्रुवारीत पांढरा साबण संपला. नवीन वडी गच्चीवरून सप्टेंबरात उतरणार. मनूबिया म्हणाली, थांबू. इब्तिहेलला थांबायचं नव्हतं. परदेशात, ल्यों शहरातल्या एका प्रयोगशाळेत तिला जागा होती आणि एप्रिलपर्यंत पेपर हवा होता. ती बाब दिवान वेशीजवळच्या दुकानातून बाजारचा हिरवा साबण घेऊन आली. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. ती पुडकं घेऊन माझ्याकडे आली होती, ठेवायला बरणी मागायला. “काय गं, धुणं काढलंयस का?” मी विचारलं. “नाही हो, पापुद्र्यांसाठी,” ती म्हणाली. बरणी मीच दिली. झाकण घट्ट लागेना, तेही मीच बदलून दिलं.

इब्तिहेलने हिरव्या साबणात केलेल्या नमुन्याची झळक अशी काही खाली पडली की सी फर्हात खुर्चीतून उठले. पांढऱ्याच्या दुप्पट! प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. मनूबियाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने स्वतःहून कोरा केला. रंग, पाणी, हिरवा साबण, पापुद्रे नाहीत. यंत्रात ठेवला. झळक त्याचीही पडली, जवळजवळ तेवढीच.

अहो, बाजारचा साबण फळं पिळून उरलेल्या चोथ्याच्या तेलाचा. जैतुणाचा सगळा हिरवेपणा त्यात उतरलेला. आणि तो हिरवेपणाच रंगाकडून लाल उजेड ओढून घेत होता. पापुद्र्यांचं नाव, काम साबणाचं. दुसऱ्या देशात ही चूक कोणी करणार नाही, कारण दुसऱ्या देशात कोणी प्रयोगशाळेत धुण्याचा साबण आणत नाही. आमच्याकडे मात्र साबण म्हटला की साबण.

मनूबियाने तो कागद इब्तिहेलला दाखवला तेव्हा मी तिथेच होते, स्पिरिटचा कॅन पोचवायला गेले होते. “पोरी, हे बघ. कोरा पण पडतोय. हे छापू नकोस. सप्टेंबरपर्यंत थांब, मी पांढऱ्यात करून देते, माझ्या हाताने.” इब्तिहेलने कागद बघितला. रंग उतरला तिचा. मग म्हणाली, “हो खालती. मी बघते. मी करते परत.” कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

पेपर मे महिन्यात छापून आला. त्यात कोरा नव्हता. आणि मनूबियाचं नावही नव्हतं.

मी संतापले. मनूबिया नाही. इब्तिहेलने तिला समजावलं होतं: घाईत एक फॉर्म भरायचा राहिला, नाव गळलं, पण तिने मासिकाला कळवलंय. शुद्धिपत्र निघेल. त्यात कोऱ्याचा खुलासाही येईल आणि नावही येईल. “शुद्धिपत्र,” मनूबियाने तो शब्द दोनदा म्हणून पाठ केला. मी म्हटलं, “तोंडाला पानं पुसतेय ती तुझ्या.” तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. इब्तिहेल जुलैत ल्योंला गेली. मनूबियाने तिला प्रवासाला तीन किलो भाजलेल्या सत्तूचं पीठ दिलं, आणि विमानतळावरून परत येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

मग ती वाट बघत राहिली. दर महिन्याला ऑफिसात लुत्फीकडे जायची, “शुद्धिपत्र आलं का रे?” लुत्फी कारकून, गरीब स्वभावाचा. कम्प्युटरवर तिचं नाव टाकून बघायचा आणि मान हलवायचा. इब्तिहेलचे फोन आधी दर रविवारी यायचे, मग सणासुदीला. मनूबिया म्हणायची, “कामात असेल.”

पुढच्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी लुत्फी धावत वर आला. “खालती! आलं! तुझं नाव आलं! शुद्धिपत्र!” लुत्फीला इंग्रजी येतं तेवढंच, जेवढं मला पोहता येतं. मथळ्यातला तो एक शब्द आणि खाली ‘मनूबिया लूकिल’, एवढं वाचून त्याने छापून आणलं होतं. मनूबियाने कागद हातात घेतला, आपलं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं. मग पर्स उचलून सरळ बाहेर पडली. तासाभराने आली ती दोन किलो मकरूद, खजूर भरलेले मधातले गोड तुकडे, घेऊन. गरम होते, मध कागदातून गळत होता. चारही मजल्यांवर फिरली. शिपाई, प्राध्यापक, पोरंपोरी, ग्रंथालयातला तो खडूस, सगळ्यांना दिले. “पेपरात नाव आलंय माझं.” लोक तिला मिठ्या मारत होते. सी फर्हातनी एक मकरूद घेतला, टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. हे मला नंतर कळलं.

सगळ्यात शेवटी ती माझ्याकडे आली. स्टोअरचं दार ओढून घेतलं, खुर्चीत बसली, घाम पुसला. “आता तू वाच. नीट वाच, सावकाश. सगळं ऐकायचंय मला.”

मी चष्मा लावला; बाटल्यांवरची लेबलं वाचून वाचून मला इंग्रजी कळतं. पहिली ओळ वाचून कागद डोळ्यांजवळ आणला. पुढची मनातल्या मनात वाचली. वर बघितलं तर ती हसत होती, हात मांडीवर ठेवून, शाळेत बक्षीस घ्यायला बोलावल्यासारखी. देवाशपथ, मी खोटं वाचू शकले असते. काहीही वाचलं असतं तरी तिला खरं वाटलं असतं. पण हा कागद फाइलला लागणार होता, वर जाणार होता, आणि तिथे कोणीतरी तो तिच्या तोंडावर वाचला असता. मी वाचलं.

“‘या लेखातल्या काही मोजमापांत साबणाचा चुकीचा प्रकार वापरला गेला. प्रयोगशाळेतील सफाई कर्मचारी मनूबिया लूकिल यांनी लेखकांना न सांगता पांढऱ्या साबणाऐवजी बाजारातला हिरवा साबण वापरला व कोरा नमुना तयार केला नाही. या चुकीबद्दल लेखक दिलगीर आहेत.’”

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं.

“सफाई लिहिलंय?”

“हो.”

“कोरा केला नाही असं लिहिलंय? मी?”

खाली दोन सह्या होत्या. एक इब्तिहेलची. दुसरी सी फर्हातची.

मी उठले ती तडक त्यांच्या खोलीत गेले, दार न वाजवता. “बरणी मी दिलीय त्या पोरीला, या हाताने! तुम्हाला ठाऊक आहे कोरा कोणी केला!” ते म्हणाले, “बस, बहिजा.” मी बसले नाही. “ल्योंच्या लोकांनी प्रयोग परत करून बघितला, जमला नाही. त्यांनी जाब विचारला. विद्यार्थिनीने कोरा लपवला म्हटलं असतं तर तिची जागा गेली असती, माझी प्रयोगशाळा गेली असती, चार पोरांच्या स्कॉलरशिप गेल्या असत्या. कामगाराकडून चूक झाली तर कोणी काही म्हणत नाही. तिला त्रास होणार नाही.”

“आणि फाइल?”

“फाइल आता कशी पाठवू? कागद दिसतोय ना सगळ्यांना.” तो मकरूद तसाच टेबलावर होता, कागदावर मधाचा डाग पसरला होता. केसाने गळा कापतात म्हणतात ना, तो असा खुर्चीत बसून, शांत आवाजात कापतात.

परत आले तेव्हा मनूबियाने माझा फोन घेतलेला होता. “लावून दे तिला.” मी लावून दिला, आवाज मोठा ठेवला. तिसऱ्या घंटेला इब्तिहेलने उचलला. “बहिजाखालती? सगळं ठीक?”

“मी बोलतेय,” मनूबिया म्हणाली.

पलीकडून रडण्याचा आवाज. “खालती, मला कळवायचं होतं. रोज ठरवत होते. मी काय करणार होते सांग? मला घालवलं असतं त्यांनी. परत थालाला जाऊन काय करू, बकऱ्या राखू? वडिलांनी जमीन विकलीय माझ्यासाठी. आणि तू तर निवृत्तच होणार आहेस, तुला काय फरक पडतो?”

“तू माझं मीठ खाल्लंस, पोरी.”

“मला माहितीय. मला माहितीय खालती. पण कोण वाचतं गं ते? शुद्धिपत्र कोणी म्हणजे कोणी वाचत नाही. शपथ. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

मनूबियाने बोटांवरचा मध ॲप्रनला पुसला. तिचा आवाज चढला नाही. मी असते तर कॉलेज डोक्यावर घेतलं असतं.

“चार मजले हिंडून आलेय मी,” ती म्हणाली. “शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना मकरूद वाटून आलेय, नाव छापून आलं म्हणून. आता उद्या सगळे येतील ना, दाखव म्हणतील. त्यांना काय दाखवू, इब्तिहेल? तूच सांग. तू शिकलेली आहेस.”

फोन चालूच होता, आणि मनूबिया तो कानाशी धरून थांबून राहिली.